भाकरी, वाफे आणि चिठ्ठी

मागच्या रब्बीत ज्वारीचं एक नवीन वाण घेतलं होतं. दाणा टपोरा, कडबाही बरा. पण भाकरी? घरात सगळे म्हणाले, कडक होते, मालदांडीची सर नाही. मी पारावर सांगून मोकळा झालो. माझ्यावर विसंबून चार-पाच जणांनी ते बी टाळलं.

मग एक दिवस चुलीपाशी बसलो आणि उमगलं. घरची नव्या पिठाच्या भाकरी आधी टाकायची, तेव्हा तवा नीट तापलेला नसायचा. मालदांडीच्या मागून. त्यात नवं पीठ दळून आठ दिवस झालेले, विरी गेलेली. दोष तव्याचा न् पिठाचा, बदनामी वाणाची.

शेतातल्या प्रयोगातही हेच व्हायचं. इंग्लंडात रोदॅमस्टेडला १८४३ पासूनचं शेती संशोधन केंद्र आहे. १९१९ साली तिथं रोनाल्ड फिशर हा गणिती कामाला लागला. तोवर कुठल्या वाफ्यात काय लावायचं ते लोक आपल्या अकलेनं किंवा ठरावीक क्रमानं ठरवायचे. फिशरचं म्हणणं असं, की जमीन कुठं हलकी, कुठं भारी, हे पुरतं कुणालाच कळत नाही. म्हणून सारख्या जमिनीचे गट पाडा, प्रत्येक गटात सगळी वाणं घ्या, आणि कोणतं कुठल्या वाफ्यात ते चिठ्ठीवर सोडा. १९३५ च्या पुस्तकात त्यानं चहाचा दाखला दिला. दूध आधी ओतलं की चहा, हे चवीवरून ओळखते म्हणणारी एक बाई. तिच्यापुढं चार-चार असे आठ कप, क्रम चिठ्ठीचा.

आपल्याकडं हे शास्त्र रुजवलं त्यात दोन मराठी माणसं मोठी: सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग सुखात्मे आणि विनायक पानसे. शेती-प्रयोगांच्या संख्याशास्त्रावरचं त्यांचं पुस्तक १९५४ चं, कृषी पदवीवाल्यांना नाव ठाऊक असेलच. पीक कापणी प्रयोगाची पद्धतही त्यांच्याच कामातून बसली. मात्र तिथं चिठ्ठी प्लॉट निवडायला, वाण वाटायला नाही. या दोन गोष्टींची गल्लत नको.

तर यंदा दोन्ही ज्वाऱ्या एकाच दिवशी दळल्या. (गिरणीत आधीच्या धान्याचं पीठ राहतं, म्हणून सुरुवातीचं थोडं बाजूला काढलं.) तवा तापत जातो म्हणून सहा जोड्या केल्या, प्रत्येक जोडीत आधी कोणती, ते नातीनं चिठ्ठी काढून ठरवलं. घरचीला मळतानाच हाताला कळलं कुठलं पीठ कुठलं, त्याला इलाज नाही. खाणाऱ्यांना मात्र काही सांगितलं नाही.

तीन जोड्यांत मालदांडी मऊ, तीनांत नवं वाण. सहा जोड्यांवरून फरक नाहीच असं छातीठोक म्हणता येत नाही. पण माझं 'कडक' मी मागं घेतलं, आणि उद्या पारावर जाऊन त्या चार-पाच जणांनाही ते सांगायचंय.