लॅटिन संक्षेप, इंग्रजीतील
लॅटिन शब्द वा शब्दसमूह यांची इंग्रजी लेखनात रूढ झालेली आद्याक्षरी किंवा त्रोटक रूपे. लॅटिनचे ज्ञान मागे पडल्यानंतरही ती वापरात राहिली; त्यामुळे त्यांच्या अर्थाविषयी वारंवार गोंधळ होतो.

शिलालेखांत व नाण्यांवर जागा वाचविण्यासाठी शब्दांची आद्याक्षरे कोरण्याची प्रथा रोमनांत होती. इ. स. पू. पहिल्या शतकातील सिसेरोचा चिटणीस टायरो याच्या नावाने एक लघुलेखनपद्धतीही प्रसिद्ध आहे. मध्ययुगात चर्मपत्र महाग असल्याने मठांतील लेखनिकांनी संक्षेपांचा मोठा विस्तार केला. ‘म्हणजे’ या अर्थाच्या ‘व्हिझ.’ या रूपातील ‘झेड’ हे मुळात अक्षर नसून शब्दान्तीच्या ‘एट’साठी योजिलेले त्यांचे चिन्ह होय. इंग्लंडमध्ये लॅटिन ही दीर्घकाळ चर्च, विद्यापीठे व न्यायालये यांची लेखनभाषा होती. न्यायालयीन दप्तर इंग्रजीत ठेवण्याचा १७३० चा म्हणून ओळखला जाणारा कायदा १७३३ पासून अंमलात आला. संक्षेप मात्र टिकून राहिले.

‘ई. जी.’ (एक्झेंप्ली ग्राशिया) म्हणजे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘आय. ई.’ (इड एस्ट) म्हणजे ‘अर्थात’. पहिल्यानंतर काही नमुने येतात, तर दुसऱ्यानंतर आधीच्या विधानाचा संपूर्ण खुलासा येतो. रजेच्या नियमात ‘संसर्गजन्य रोग’ या शब्दांपुढे ‘ई. जी. देवी’ असे असल्यास इतर संसर्गजन्य रोगांनाही सवलत मिळते, ‘आय. ई. देवी’ असे असल्यास ती केवळ देवीपुरती उरते. ‘एट सेटरा’ यात ‘आणि’ अंतर्भूत असल्याने त्यापूर्वी पुन्हा ‘आणि’ लिहिणे, तसेच ‘ई. जी.’ने आरंभिलेल्या यादीच्या शेवटी ते जोडणे, ही द्विरुक्ती ठरते. व्यक्तींसाठी ‘एट अल.’ (आणि इतर जण) वापरतात. त्यातील ‘एट’ हा पूर्ण शब्द असल्याने त्यापुढे टिंब देत नाहीत.

‘ए. डी.’ (आन्नो डॉमिनी) याचा अर्थ ‘प्रभूच्या वर्षी’ असा असल्याने ते परंपरेने वर्षांकापूर्वी लिहितात. ही कालगणना डायोनिशिअस एक्झिग्यूअस याने ५२५ मध्ये योजिली व बीड याच्या ७३१ मधील इतिहासग्रंथामुळे तिचा प्रसार झाला. वर्षांकानंतर येणारे ‘बी. सी.’ मात्र इंग्रजी शब्दांचे संक्षिप्त रूप आहे. ‘ए. एम.’ व ‘पी. एम.’ म्हणजे अनुक्रमे मध्यान्हपूर्व व मध्यान्होत्तर. म्हणून भर दुपारच्या बारासाठी दोन्ही काटेकोरपणे लागू पडत नाहीत.

औषधचिठ्ठीच्या आरंभीचे ‘आरएक्स’ हे चिन्ह ‘रेसिपे’ (घे) या औषध तयार करणाऱ्यास उद्देशून केलेल्या आज्ञेचे रूप होय. चिठ्ठीतील संदिग्धता घातक ठरू शकते. ‘क्यू. डी.’ म्हणजे रोज एकदा, तर ‘क्यू. आय. डी.’ म्हणजे दिवसातून चार वेळा. घाईच्या हस्ताक्षरात टिंबाचा ‘आय’ भासला, तर मात्रा चौपट होते. अमेरिकेतील रुग्णालयांना अधिस्वीकृती देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये ‘क्यू. डी.’चा समावेश वर्ज्य संक्षेपांच्या यादीत केला व ‘रोज’ हा शब्द पूर्ण लिहिण्यास सांगितले.

मराठीत ‘उदा.’, ‘इ.’ व ‘ता. क.’ ही रूपे हेच कार्य करतात. त्यांचे पूर्ण शब्द वाचकाच्या परिचयाचे असल्याने अर्थाची शंका सहसा उद्भवत नाही. इंग्रजीतील लॅटिन संक्षेपांना हा आधार उरलेला नाही. म्हणून जेथे चुकीची किंमत मोठी, तेथे पूर्ण शब्द लिहिणे अधिक श्रेयस्कर ठरते.