घरच्या संगणकाला चिलरची जोड : उपयोग किती, धोका किती?

चित्रफितींचे संपादन, त्रिमितीय आराखडे, कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे घरच्या घरी चालवणे अशा कामांमुळे घरगुती संगणकाची ताकद गेल्या काही वर्षांत प्रचंड वाढली आणि तिच्याबरोबर त्याची उष्णताही. इंटेलच्या कोअर आय९-१४९००के या प्रोसेसरची कमाल वीजमर्यादा २५३ वॅट आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०९० या ग्राफिक्स कार्डाची ५७५ वॅट. दोन्ही पूर्ण क्षमतेने चालले तर टेबलाखाली एक लहान इस्त्री अखंड तापत ठेवल्यासारखे होते. बाहेर पारा ४५ अंशांवर असताना आखातातील सदनिकेत ही इस्त्री कोणालाच नको असते. त्यामुळे मत्स्यालयासाठी मिळणारा चिलर किंवा पेल्टियर पट्टी जोडून संगणक थंडगार ठेवावा, हा विचार अनेकांच्या मनात येतो. तो व्यवहार्य आहे का, याचा हा आढावा.

साधे शीतकरण आणि चिलर यांतील फरक

पंखा असो वा पाण्यावर चालणारा नेहमीचा कूलर, दोन्ही प्रोसेसरची उष्णता खोलीतील हवेत सोडतात. त्यामुळे खोली २६ अंशांवर असेल तर प्रोसेसर त्याहून थंड होणे शक्य नाही. चिलरमध्ये मात्र शीतकपाटाप्रमाणे कॉम्प्रेसर आणि शीतक वायू असतो. विजेच्या बळावर तो उष्णता ‘चढावर’ ढकलतो आणि पाण्याचे तापमान खोलीच्या तापमानाखाली नेतो. पेल्टियर पट्टी हेच काम कोणत्याही हलत्या भागाविना करते. दोन भिन्न धातूंच्या सांध्यातून वीजप्रवाह गेला की एक सांधा थंड आणि दुसरा गरम होतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ पेल्टिये यांनी १८३४ मध्ये दाखवले होते. द्रव नायट्रोजन (उणे १९६ अंश) आणि कोरडा बर्फ (उणे ७८.५ अंश) हे या मार्गाचे टोक. ते विक्रम करण्यासाठी वापरले जातात, रोजच्या कामासाठी नव्हे.

लाभ नेमका किती?

प्रोसेसर आणि त्याला खेटलेले पाणी यांच्या तापमानातील फरक मुख्यतः उष्णतेच्या प्रमाणावर आणि मधल्या थरांच्या अवरोधावर ठरतो. समजा, पाणी ३५ अंशांवर असताना प्रोसेसर ९० अंशांवर स्थिरावतो. पाणी १५ अंशांवर आणले तर तो साधारण ७० अंशांवर येईल. म्हणजे बर्फासारख्या थंड पाण्यानेही प्रोसेसर थंडगार होत नाही. बोटाच्या पेराएवढ्या सिलिकॉनमधून उष्णता बाहेर काढणे हीच खरी अडचण असते. शिवाय या वर्गातील आधुनिक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांपर्यंत चालतील असेच घडवलेले असतात. मर्यादा आली की ते स्वतःहून वेग कमी करतात. चिलरमुळे हा वेग टिकतो, किंचित वाढतोही. पण रोजच्या कामात तो फरक घड्याळ लावूनच जाणवावा इतका असतो.

इतिहासही हेच सांगतो. क्रायोटेक या अमेरिकी कंपनीने जानेवारी २००० मध्ये कॉम्प्रेसरने सुमारे उणे ४० अंशांपर्यंत थंड केलेला, एक गिगाहर्ट्झवर चालणारा ॲथलॉन संगणक बाजारात आणला. त्याच वर्षी मार्चमध्ये एएमडीने एक गिगाहर्ट्झचाच ॲथलॉन साध्या पंख्यावर चालणाऱ्या रूपात विक्रीस आणला. जून २०१८ मध्ये तैपेईच्या प्रदर्शनात इंटेलने २८ गाभ्यांचा प्रोसेसर पाच गिगाहर्ट्झवर चालवून दाखवला. टेबलाखाली औद्योगिक धाटणीचा चिलर होता, हे नंतर उघड झाले. २०२० मध्ये इंटेलने कूलर मास्टर आणि ईके यांच्या साथीने पेल्टियरवर आधारलेले ‘क्रायो कूलिंग’ घरगुती ग्राहकांसाठी आणले आणि २०२३ मध्ये त्याचा विकास थांबवला. प्रोसेसर बनवणारी कंपनीच ज्या वाटेवरून मागे फिरली, त्या वाटेचा विचार घरी करताना सावध असलेले बरे.

दवबिंदू : खरा शत्रू

फ्रिजमधील पाणी तांब्यात ओतले की तांब्याला बाहेरून घाम फुटतो. ते पाणी तांब्यातून झिरपलेले नसते, हवेतील बाष्पाचे असते. ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते तो दवबिंदू. चिलरची नळी वा प्रोसेसरवरील धातूची चकती दवबिंदूखाली गेली की तिलाही असाच घाम फुटतो, आणि तो थेट मदरबोर्डवर ओघळतो.

दवबिंदू तापमान आणि आर्द्रता या दोहोंवर अवलंबून असतो. काही नमुने पाहू :

• वातानुकूलित खोली, २४ अंश, सापेक्ष आर्द्रता ५० टक्के : दवबिंदू सुमारे १३ अंश
• तीच खोली, आर्द्रता ६० टक्के : सुमारे १६ अंश
• उन्हाळी रात्री समुद्रकिनारी शहरातील बाहेरची हवा, ३४ अंश, ६५ टक्के : २६ अंशांहून अधिक
• ब्रिटनमधील हिवाळा, तापवलेली खोली, २० अंश, ४० टक्के : सुमारे ६ अंश

पहिल्या परिस्थितीत १५ अंशांचे पाणी सुरक्षित आहे, दुसऱ्या परिस्थितीत नाही. आणि रात्री कोणी बाल्कनीचे दार उघडे ठेवले, तर तेच पाणी दवबिंदूपेक्षा दहाहून अधिक अंश थंड ठरते. ऑगस्टमध्ये दुबई वा मस्कत येथे घरातून बाहेर पडताच चष्म्यावर धुके येते, त्यामागचे कारण हेच. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजी येथे पावसाळ्यात हा प्रयोग करू पाहणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू होतो.

ओलावा नेहमी समोर दिसतो असेही नाही. प्रोसेसरच्या खाचेत, मदरबोर्डच्या मागील बाजूस किंवा इन्सुलेशनखाली तो साचतो. पाण्यात धूळ आणि क्षार मिसळले की सूक्ष्म जोडण्या गंजतात, आणि बिघाड काही आठवड्यांनी अचानक प्रकट होतो. अशी हानी वॉरंटीत सहसा बसत नाही.

उष्णता नाहीशी होत नाही

चिलर उष्णता संपवत नाही, एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतो, आणि त्यात स्वतःच्या विजेची भर घालतो. ५०० वॅटचा संगणक आणि ३०० वॅट घेणारा चिलर एकाच खोलीत असतील, तर खोलीत ८०० वॅट उष्णता येते. रोज आठ तास वापर धरला तर चिलर २.४ युनिट वीज खातो. त्याने टाकलेली जादा उष्णता बाहेर काढण्यास वातानुकूलन यंत्राला त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी, म्हणजे ०.८ युनिट वीज लागते. महिन्याचे सुमारे ९६ युनिट झाले, ते केवळ शीतकरणावर. पेल्टियरचा हिशेब याहून वाईट, कारण ती वाहून नेते त्या उष्णतेइतकी किंवा त्याहून अधिक वीज स्वतःच खाते. तिचा वीजपुरवठा तुटला तर ती प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये उष्णतारोधक थर बनून राहते.

संगणक फ्रिजमध्ये ठेवण्याची कल्पना याच कारणाने फसते. घरगुती फ्रिज थंड पदार्थ थंड राखण्यासाठी असतो. शेकडो वॅट अखंड ओतणारे यंत्र त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. कॉम्प्रेसर कधी थांबत नाही आणि लवकर जळतो.

अन्य धोके

संगणक झोपी गेला आणि चिलर चालूच राहिला, तर उष्णता येणे थांबते आणि पाणी झपाट्याने थंड होते; बरेचसे अपघात अशाच वेळी संभवतात. शून्याखाली जायचे तर पाण्यात ग्लायकॉल मिसळावे लागते. त्याने द्रव दाट होतो, पंपावर ताण येतो, शिवाय इथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने लहान मुले व पाळीव प्राणी असलेल्या घरात ते ठेवू नये. द्रव नायट्रोजनचे वायूत रूपांतर होताना आकारमान सुमारे ७०० पट होते. बंद वातानुकूलित खोलीत त्याने प्राणवायूचे प्रमाण घटून माणूस कोणत्याही पूर्वसूचनेविना बेशुद्ध पडू शकतो. हा प्रयोग घरी करूच नये.

तरीही करायचेच असेल तर

पाण्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान दोन-तीन अंश वर राखणे हा एकमेव खात्रीचा नियम. त्यासाठी तापमान व आर्द्रता दोन्ही मोजून चिलर नियंत्रित करणारी व्यवस्था हवी. संगणक बंद होताच चिलरही बंद व्हावा. चिलरची क्षमता उष्णतेपेक्षा अधिक असावी; पाणी जितके थंड मागावे तितकी ही क्षमता घटते, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे. चिलर शक्यतो दुसऱ्या खोलीत, वीजजोडणी ईएलसीबीमधून, आणि नळ्यांची गळती-चाचणी संगणकाला वीज न देता २४ तास. कामाच्या फायलींची प्रत अन्यत्र ठेवलेली असावी.

बहुसंख्यांसाठी सोपा मार्ग

मोठे उद्योग उलट दिशेने गेले आहेत. म्युनिकजवळील गार्शिंग येथे २०१२ मध्ये सुरू झालेला सुपरएमयूसी हा महासंगणक सुमारे ४० अंशांच्या कोमट पाण्यावर थंड ठेवला जाई; चिलरची वीज वाचवणे हाच हेतू होता. घरीही हेच तत्त्व चालते. प्रोसेसरची पॉवर लिमिट निम्म्यावर आणली तर उष्णता निम्मी होते, पण वेग त्या मानाने बराच कमी घटतो. ३६० मिलिमीटरच्या रेडिएटरचा चांगला वॉटर कूलर, हवा खेळती राहील अशी पेटी, दोन-तीन वर्षांनी नवी थर्मल पेस्ट आणि आखातातील वाळूमिश्रित धूळ लक्षात घेता दरमहा जाळ्यांची सफाई, एवढ्याने बहुतेकांची गरज भागते. चिलर हे छंदाचे साधन आहे. ज्या संगणकावर घर चालते, तो त्याच्या हवाली करण्याइतका लाभ त्यात नाही.