ओटावाची संसद आणि कोकणातल्या आपल्या मशिदी

कॅनडाची राजधानी ओटावा. ३ फेब्रुवारी १९१६च्या रात्री तेथील संसदेची मुख्य इमारत आगीत भस्मसात झाली. मागचे ग्रंथालय तेवढे वाचले, कारण त्याची लोखंडी दारे वेळीच लावली गेली. त्याच जागी नवी इमारत उठली आणि १९२७ साली तिचा शांतता मनोरा पुरा झाला. मोठ्या दुरुस्तीसाठी ती २०१९च्या सुरुवातीला बंद झाली.

दुरुस्तीसाठी ओटावाच्याच कार्लटन विद्यापीठातील अभ्यासकांनी या वास्तूची संगणकीय प्रतिकृती तयार केली. तिपाईवरचे लेझर यंत्र भिंतीवर प्रकाशकिरण सोडते आणि तो परत आला की अंतर मोजते. असे कोट्यवधी बिंदू जुळले की भिंती, कमानी, छत सारे संगणकात उभे राहते. कोरीव कामाचे एकमेकांवर येणारे पुष्कळ फोटो घेऊन त्याचा आकार मिळवतात. जुने नकाशेही कामी येतात.

हे वाचताना आम्हांला आपल्या मशिदी आठवतात. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत शआर हारहमीम स्थापन केली. पुढे रेवदंड्यात १८४२, अलिबागेत १८४८, पनवेलला १८४९ आणि पेणला १८६३ साली मशिदी झाल्या. आज गावांतून मिन्यान जमणे कठीण झाले आहे. येथे आगीची गरज नाही. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि दाराचे कुलूप एवढे पुरे आहे. म्हणून वास्तू धड उभ्या आहेत तोवरच त्यांची आणि नवगावच्या कब्रस्तानाची अशी मोजणी व्हावी, असे आम्हांला वाटते.

पण यंत्र फक्त भिंत मोजते. हेखालवरचा पडदा कोणी वाहिला, तेब्यावर उभे राहून हजान सणाला कोणत्या चालीवर म्हणत, बायका कुठे बसत, एलियाहू हन्नबीचा मलिदा कोणाच्या घरी होई, हे त्याला कळत नाही. ते तुम्हां वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. हाईम शमुवेल केहीमकरांनी आपल्या जमातीचा इतिहास १८९७ साली लिहून ठेवला. तो तेल अवीवमध्ये छापून निघाला १९३७ साली, चाळीस वर्षांनी. लिहिलेले होते, म्हणूनच ते तेवढी वर्षे टिकले.

तेव्हा घरातले जुने फोटो काढा. मऊ पेन्सिलीने मागे नावे, गाव आणि साल लिहा. पेणकर, रोहेकर, नवगावकर या आपल्या आडनावांतच गावांचा नकाशा आहे. तो नातवंडांना समजावून सांगा. त्यांच्या मोबाईलवर तुमच्या आवाजात एक प्रार्थना आणि गावच्या मशिदीची एक आठवण भरू द्या. भिंतींची मोजणी उद्या कोणीही करील. नावे मात्र आजच लिहून झाली पाहिजेत.