फोर्ट स्मिथचा न्यायाधीश आणि पाठ न फिरवणारी माणसे

अंगावर सुरी घेऊन धावून येणाऱ्या माणसाला ठार मारले, तर तो खून ठरतो का? कायद्याचे उत्तर सोपे वाटते : जीव वाचवण्यासाठी मारले असेल, तर नाही. परंतु त्या क्षणी पळून जाणे शक्य होते का, हत्यार आधीच जवळ का बाळगले होते, भांडणाची सुरुवात कोणी केली, असे प्रश्न पुढे उभे राहतात. ज्यूरीच्या पद्धतीत यांची उत्तरे बारा सामान्य माणसांनी द्यायची असतात. ती कोणत्या मापाने शोधायची, हे मात्र न्यायाधीश सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत या सांगण्यावरूनच एक विलक्षण संघर्ष झाला. एका बाजूला होते आर्कान्सामधील फोर्ट स्मिथ या सरहद्दीवरच्या गावातील न्यायालय, तर दुसऱ्या बाजूला वॉशिंग्टनमधील सर्वोच्च न्यायालय. हा धागा त्या संघर्षाविषयी.

१८७५ मध्ये आयझॅक पार्कर फोर्ट स्मिथ येथे संघराज्याचे न्यायाधीश म्हणून रुजू झाले. त्यांच्या अधिकारक्षेत्रात आर्कान्साच्या पश्चिम भागाबरोबरच 'इंडियन टेरिटरी'ही येत असे. चेरोकी, क्रीक, चोक्टॉ आदी राष्ट्रांना पूर्वेकडून हुसकावून जेथे वसवले गेले, तो हा प्रदेश. क्षेत्रफळ सुमारे ७४,००० चौरस मैल, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक. मूलनिवासींचे आपसांतील खटले त्यांच्या स्वतःच्या न्यायालयांत चालत. कोणत्याही बाजूला गोरा माणूस असला की प्रकरण पार्कर यांच्याकडे येई. एकवीस वर्षांत त्यांनी १६० जणांना देहदंड सुनावला आणि त्यांपैकी ७९ जण प्रत्यक्ष फासावर गेले. 'फाशी देणारा न्यायाधीश' हे त्यांचे टोपणनाव आजही प्रचलित आहे.

या आकड्यांपेक्षाही धक्कादायक गोष्ट अशी की, १८८९ पर्यंत या देहदंडांविरुद्ध अपिलाची सोयच नव्हती. दाद मागायची तर राष्ट्राध्यक्षांकडे दयेचा अर्ज करणे, एवढाच मार्ग. १८८९ मध्ये काँग्रेसने कायदा करून देहदंडाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्याची वाट मोकळी केली. मग पार्कर ज्यूरीपुढे काय बोलतात, ते वॉशिंग्टनमधील न्यायमूर्ती शब्दशः वाचू लागले.

पुरावा संपला, वकिलांची भाषणे झाली, की न्यायाधीशाने ज्यूरीला कायदा समजावून सांगायचा, ही इंग्लंडहून आलेली रीत. या निवेदनाला 'चार्ज' म्हणतात. त्या काळच्या संघीय न्यायालयांत न्यायाधीशाला पुराव्यावर स्वतःचे मतही मांडता येई. पार्कर यांचे चार्ज लांबलचक असत आणि त्यांत कायद्याइतकेच प्रवचनही असे. एका खटल्यात आरोपी गुन्ह्यानंतर पळाला होता. त्यावर भाष्य करताना त्यांनी थेट बायबलमधील वचनाचा आधार घेतला : पाठलाग करणारा कोणी नसतानाही दुष्ट पळत सुटतो. ज्यांना आरोपीचा निवाडा करायचा आहे, त्यांनी हे न्यायासनावरून ऐकल्यावर त्यांच्या मनाचा तोल कोणीकडे झुकेल, हे वेगळे सांगायला नको. १८९४ मध्ये हेन्री स्टार याच्या खटल्याचा निकाल देताना सरन्यायाधीश फुलर यांनी या शैलीवरच बोट ठेवले. न्यायाधीशाच्या शब्दांचे वजन ज्यूरीवर मोठे असते, म्हणून ते शब्द संयमित असलेच पाहिजेत, असा त्यांचा रोख होता.

खरा पेच मात्र स्वसंरक्षणाच्या व्याख्येत होता. थॉमस थॉम्प्सन हा सुमारे सतरा वर्षांचा क्रीक मुलगा. निरोपाच्या कामासाठी घोड्यावरून जाताना वाटेत चार्ल्स हर्मिस नावाच्या शेतकऱ्याने त्याला धमकावले. परतीची वाट त्याच शेतावरून होती. मुलाने ओळखीच्या घरून रायफल घेतली आणि तो माघारी निघाला. हर्मिस पुन्हा भेटला, आपल्या बंदुकीकडे धावला आणि मुलाने गोळी झाडली. पार्कर यांच्या चार्जचा आशय असा होता की, धमकी मिळाल्यानंतर जो हत्यार घेऊन त्याच वाटेने परत जातो, तो स्वसंरक्षणाचा दावा गमावून बसतो. डिसेंबर १८९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. धोक्याची रास्त भीती असलेल्या माणसाने रस्त्याने जाताना हत्यार सोबत ठेवले, एवढ्यावरून त्याचा हक्क हिरावला जात नाही, असे न्यायालयाने म्हटले. मुलाला घरी जायचे होते. न्यायमूर्तींना जे दिसले ते सतरा वर्षांच्या कोणालाही दिसले असते.

बेअर्ड याचा खटला अधिक गाजला. कारण एक गाय. तिच्या मालकीवरून बेअर्ड आणि जोन्स बंधू यांच्यात वितुष्ट आले होते. एके दिवशी ते भाऊ बेअर्डच्या आवारात आले. घर तेथून पन्नास-साठ यार्डांवर होते. त्यांतील विल जोन्स खिशात हात घालून पुढे सरसावला आणि बेअर्डने त्याच्या डोक्यात बंदुकीचा दस्ता हाणला. त्या जखमेने जोन्सचा मृत्यू झाला. खून सिद्ध झाला नाही, पण सदोष मनुष्यवधासाठी बेअर्ड दोषी ठरला. कारण पार्कर यांनी ज्यूरीला सांगितले होते की, मागे न हटण्याची मुभा केवळ स्वतःच्या घरात असते. घराबाहेर, मग ती जमीन स्वतःची असली तरी, शक्य असल्यास माघार घेणे हे कर्तव्य आहे.

पार्कर यांच्या पदरचे हे काही नव्हते. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात अशा प्रसंगी पाठ भिंतीला टेकेपर्यंत मागे सरणे अपेक्षित होते, कारण हत्येचा हिशेब राजाला द्यावा लागे. पण अमेरिकेत १८७० च्या दशकातच ओहायो आणि इंडियानाच्या न्यायालयांनी हा नियम नाकारला होता. निरपराध माणसाने हल्लेखोरासमोरून पळावे, ही अपेक्षाच त्यांना मानहानीची वाटली. मे १८९५ मध्ये न्यायमूर्ती हार्लन यांनी बेअर्डची शिक्षा रद्द करताना हीच दिशा घेतली : स्वतःच्या आवारात, भांडण न उकरता उभा असलेला माणूस पळून जाण्यास बांधील नाही, सुखरूप पळता येईल का, याचा विचार करण्यासही नाही. आज अमेरिकेत 'जागीच ठाम राहा' या नावाने जे वादग्रस्त कायदे ओळखले जातात, त्यांचे एक मूळ या गायीच्या भांडणात आहे. त्या वादात कोणतीही बाजू घेण्याआधी हे लक्षात ठेवलेले बरे की, बेअर्डच्या निकालाचा पाया 'स्वतःची जमीन' हा होता.

ही मर्यादा पुढे सैल झाली. १९२१ मध्ये टेक्सासमधील ब्राउन याच्या खटल्यात न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिले की, उगारलेल्या सुरीसमोर उभ्या असलेल्या माणसाकडून शांत चिंतनाची अपेक्षा करता येत नाही. ब्राउन स्वतःच्या जमिनीवर नव्हता, कामाच्या ठिकाणी होता. योगायोग असा की, त्याच्या हातून मेलेल्या माणसाचे आडनावही हर्मिसच होते.

येथे मुंबईची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९५९ मधील नानावटी खटला स्वसंरक्षणाचा नव्हता. बचाव होता झटापटीत चुकून गोळी सुटल्याचा. मात्र त्यातही ज्यूरीला केलेल्या चार्जचीच चिकित्सा झाली. आठ विरुद्ध एक मताने 'निर्दोष' असा कौल आला, सत्र न्यायाधीशांनी तो अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले आणि तेथे चार्जमधील गंभीर त्रुटी दाखवण्यात आल्या. अपघाताचा बचाव सिद्ध करण्याचा भार तेव्हा लागू असलेल्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १०५ नुसार आरोपीवर होता, हे ज्यूरीला नीट सांगितलेच नव्हते, ही त्यांतील एक. फोर्ट स्मिथमध्ये सदोष चार्जमुळे दोषी ठरलेल्यांना पुन्हा संधी मिळाली. मुंबईत त्याच कारणाने सुटलेला आरोपी दोषी ठरला.

पार्कर यांना हे निकाल मानवले नाहीत. आपल्या न्यायासनाची वाट अडवली जात असून त्याची किंमत सरहद्दीवरील निरपराधांना मोजावी लागते, अशी त्यांची धारणा होती. ती सर्वस्वी पोकळ नव्हती, कारण त्यांचे अनेक डेप्युटी मार्शल त्या प्रदेशात मारले गेले होते. १ सप्टेंबर १८९६ रोजी इंडियन टेरिटरीवरील त्यांचा अधिकार संपुष्टात आला आणि १७ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी त्यांचा आणखी एक निकाल उलटला. चेरोकी नागरिक असलेल्या रो याने हॉटेलात एकाला लाथ मारली होती, मग तो मागे सरला आणि समोरच्याने सुरी चालवल्यावर त्याने गोळी झाडली. भांडण सुरू करणाऱ्यानेही प्रामाणिकपणे माघार घेतली, तर त्याचा स्वसंरक्षणाचा हक्क परत येतो, असे त्यात ठरले.

राहिला अलेक्झांडर अ‍ॅलन. हा कृष्णवर्णीय मुलगा घटनेच्या वेळी जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचा होता. मे १८९२ मध्ये चेरोकी प्रदेशात गोऱ्या मुलांशी झालेल्या झटापटीत त्याच्या गोळीने फिलिप हेन्सन मेला. ती मुले काठ्यांनी मारत होती, असे अ‍ॅलनचे म्हणणे. पार्कर यांनी त्याला फाशी सुनावली. १८९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार्ज सदोष ठरवून ती रद्द केली. पुन्हा खटला, पुन्हा फाशी, १८९५ मध्ये पुन्हा रद्द. तिसऱ्या वेळी ज्यूरीचे एकमत होईना. तेव्हा पार्कर यांनी तिला अधिकची सूचना दिली : अल्पमतातील सदस्यांनी, इतक्या प्रामाणिक सहकाऱ्यांना न पटणारी आपली शंका खरोखरच रास्त आहे का, याचा विचार करावा. ज्यूरीने 'दोषी' असा कौल दिला. डिसेंबर १८९६ मध्ये, पार्कर हयात नसताना, सर्वोच्च न्यायालयाने या वेळी तो कायम ठेवला.

अडलेल्या ज्यूरीला हलवणारी ही सूचना अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत आजही दिली जाते. काही राज्यांनी ती दबाव आणणारी म्हणून नाकारली आहे. वकील तिला 'डायनामाइट चार्ज' म्हणतात. तिचे रूढ नाव मात्र 'अ‍ॅलन चार्ज' असे आहे.