ट्री-सिटर
ट्री-सिटर : संगणकभाषांचे पार्सर (मजकुराची रचना उलगडणारे प्रोग्राम) रचण्याचे व तपासण्याचे कमांड-लाइन साधन. मॅक्स ब्रन्सफेल्ड यांनी ते घडवले. गिटहबच्या ॲटम संपादकामुळे ते प्रसिद्धीस आले. जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या व्याकरणावरून ‘जनरेट’ ही आज्ञा सी भाषेतील पार्सर तयार करते. न सुटलेला नियमांचा संघर्ष आढळला, तर तो तिथेच दाखवून थांबते. ‘पार्स’ फाइलचा रचनावृक्ष छापते. खरे मोल ‘टेस्ट’चे. कॉर्पस फोल्डरमध्ये प्रत्येक नमुन्याखाली अपेक्षित वृक्ष लिहिलेला असतो. प्रत्यक्ष वृक्ष त्याच्याशी ताडला जातो. एक नियम सुधारताना दुसरा मोडला, तर लगेच कळते, आणि मोठ्या भाषेचे व्याकरण लिहिणाऱ्याला याहून मोठा आधार नाही. १९७० च्या दशकातील याक (Yacc) या पार्सर रचणाऱ्या साधनामध्ये अशी सोय नव्हती. अर्धवट, चुकलेला मजकूरही ट्री-सिटरचा पार्सर वाचतो. म्हणूनच निओव्हिम आणि ईमॅक्स २९ या संपादकांनी तो स्वीकारला.