स्वयंपाकघर आणि वलयाकार वीजमंडल

घरातील वीजजोडणीचा इतिहास सामान्यतः दिव्यापासून लिहिला जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण वीज घरात शिरली ती प्रायः दिव्याच्या रूपानेच. मराठीत आजही वीजपुरवठा बंद पडला म्हणजे ‘लाइट गेली’ असेच म्हणतात, मग भर दुपारी खोलीत नुसता पंखा का फिरत असेना. परंतु घरगुती वीजमंडलाची रचना मुळापासून बदलावयास लावणारा प्रश्न प्रकाशाचा नव्हता, उष्णतेचा होता. आणि त्या प्रश्नाची सर्वांत कठीण बाजू स्वयंपाकघरात होती.

दोन महायुद्धांमधील काळात ब्रिटिश घरांत गोल पिनांचे प्लग निरनिराळ्या मापांचे असत. १९३४ च्या बी. एस. ५४६ या प्रमाणकात २, ५, १५ व ३० अँपिअर अशी चार मापे आढळतात. प्लगच्या आकारावरून भार ओळखावा हे त्यामागील तत्त्व. बैठकीतील शेगडी शयनगृहात नेली तर तेथे तिचा प्लग बसेलच अशी शाश्वती नसे. शिवाय मोठ्या भाराच्या सॉकेटासाठी मुख्य फलकापासून स्वतंत्र तार ओढावी लागे, आणि युद्धकाळात तांबे दुर्मिळ झाले होते.

युद्धोत्तर घरबांधणीचा विचार करण्यासाठी १९४२ मध्ये नेमलेल्या विद्युत-समितीचा अहवाल १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. समितीवर कॅरोलाइन हॅझलेट या एकमेव स्त्री सदस्य होत्या. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या ‘इलेक्ट्रिकल असोसिएशन फॉर विमेन’ या संस्थेच्या त्या संचालिका. वीज वापरणाऱ्या गृहिणीचा अनुभव समितीपुढे आला तो प्रामुख्याने त्यांच्यामुळे, असे मानण्यास हरकत नाही. समितीने पुरस्कारिलेली योजना अशी : तार फलकापासून निघून सर्व सॉकेटांना भेट देत पुन्हा फलकाकडेच परतावी. प्रवाह दोन्ही बाजूंनी वाहत असल्यामुळे तुलनेने बारीक तारही ३० अँपिअरच्या फ्यूजखाली चालते. मात्र तेवढा मोठा फ्यूज टेबलावरील दिव्याच्या नाजूक वायरीचे रक्षण करू शकत नाही. म्हणून फ्यूज प्लगमध्येच घालावा लागला. १९४७ च्या बी. एस. १३६३ या प्रमाणकातील १३ अँपिअरचा चौकोनी पिनांचा प्लग हा या युक्तिवादाचा अपरिहार्य निष्कर्ष होय. मुलांनी बोट वा सळई घालू नये म्हणून सॉकेटाच्या छिद्रांवर सरकती झाकणेही आली.

या रचनेचे गृहीतक मात्र लक्षात घेतले पाहिजे. शेगडी खोलीखोलीतून फिरते, सर्व खोल्यांत एकाच वेळी जळत नाही, हा त्या गणिताचा आधार होता. स्वयंपाकाची चूल फिरत नाही. म्हणून विजेच्या कुकरला वलयात स्थान मिळाले नाही. त्यास फलकापासून स्वतंत्र जाड तार आणि भिंतीवर हाताशी येईल असा मोठा स्विच देण्यात आला. कुकरच्या जोडणीचा हिशेबही मोठा मनोज्ञ आहे. पहिले १० अँपिअर पूर्ण धरावेत, उरलेल्याचे ३० टक्के धरावेत, आणि स्विचच्या पाटीवर किटलीसाठी सॉकेट असल्यास आणखी ५ मिळवावेत. १२ किलोवॅटचा कुकर २४० व्होल्टला ५० अँपिअर मागतो. या रीतीने तो २७ वर येतो आणि ३० अँपिअरच्या फ्यूजमध्ये बसतो. सर्व चुली एकाच वेळी पूर्ण आचेवर क्वचितच असतात, हे स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचे ज्ञान येथे अभियंत्याच्या सूत्रात उतरले आहे.

वलयाचा एक दोष गंभीर आहे. त्याची तार मध्येच तुटली तरी सर्व सॉकेटे चालूच राहतात. घरात कोणासही काही कळत नाही, आणि एकाच बाजूच्या बारीक तारेवर सारा भार येऊन ती तापते. धुलाईयंत्र, बशा धुण्याचे यंत्र, पाणी तापविण्याचे साधन अशी स्थिर उपकरणे एकाच स्वयंपाकघरात गोळा होऊ लागल्यावर हा धोका वाढला, आणि त्या खोलीस निराळे मंडल देण्याची पद्धत रुजत गेली.

भारताने हा मार्ग धरला नाही. ज्या वर्षी ब्रिटनने गोल पिना सोडण्याचे ठरविले त्याच वर्षी देश स्वतंत्र झाला, आणि येथे ५ व १५ अँपिअरची जुनी मापेच टिकली. पुढे भारतीय प्रमाणकात ती ६ व १६ झाली. आपल्याकडील स्वयंपाक कोळसा, रॉकेल व नंतर गॅस यांवर होत असल्याने विजेच्या कुकरचा प्रश्न दीर्घकाळ उपस्थितच झाला नाही. मोठ्या भाराचे स्थिर उपकरण म्हणून घराघरांत आला तो गिझर. (आइसलंडमधील एका उष्ण झऱ्याचे नाव अशा रीतीने मराठी न्हाणीघरात पोहोचले.) दोन किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर घेतो. म्हणजे लहान सॉकेट त्यास पुरत नाही. ‘लाइटचा पॉइंट’ आणि ‘पॉवरचा पॉइंट’ हा मराठी घरातील भेद याच मापांचा शब्दरूप अवशेष आहे. पॉवरच्या एका उपमंडलावर दोनांहून अधिक मोठी सॉकेटे नसावीत, हा भारतीय संकेतही त्याच भेदावर उभा आहे.

पुढे दोन्ही मापांचे प्लग स्वीकारणारे सहा छिद्रांचे सॉकेट बाजारात आले. ते बसविताना त्यामागील तार कोणत्या मापाची आहे हे छिद्रांवरून कळत नाही. आणि बारीक तारेवर बसविलेल्या अशा सॉकेटात इंडक्शन शेगडीचा जाड प्लगही सहज बसतो.