हयात

नोव्हेंबर आला की आम्हा पेन्शनरांच्या बोलण्यात एक शब्द हमखास येतो: हयातीचा दाखला, म्हणजे पेन्शनर जिवंत असल्याचा पुरावा. ‘हयात’ मूळ अरबी, अर्थ जीवन. फारसीमार्गे तो मराठीत आला. अरबीत ते नाम. मराठीत ‘हयातभर राबला’, ‘वडिलांच्या हयातीत’ म्हणताना तो नामच राहतो. पण ‘आजोबा हयात आहेत’ म्हणताना विशेषणाचं काम करतो. मला हा दुसरा वापर फार आवडतो. त्यात माणसाविषयी अदब आहे. नुसत्या ‘जिवंत’मध्ये ती नाही. ‘दाखला’ही अरबीच, ‘दाखल’चा सख्खा भाऊ.

पूर्वी या दाखल्यासाठी बँकेत जाऊन सही करावी लागे. 10 नोव्हेंबर 2014 रोजी ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल दाखल्याची योजना आली आणि बोटाचा ठसा पुरू लागला. पण वयाबरोबर बोटांवरच्या रेषा झिजतात, यंत्रावर ठसा उमटत नाही. कष्टकऱ्यांचे हात तर आधीच घासलेले. 2021 पासून मोबाइलपुढे चेहरा धरूनही दाखला मिळतो. ही सोय मला खरोखर मोलाची वाटते.

तरुण वाचकांनो, शेजारी कुणी एकटे आजी-आजोबा असतील, तर यंदा त्यांचा दाखला तेवढा काढून द्या.